समितीपुढची उलटतपासणी

प्रश्न : मध्यवर्ती बँक स्वायत्त असेल, तर तिच्या प्रमुखांना संसदीय समितीपुढे बोलावून काय साधते? समितीला व्याजदर तर बदलता येत नाही.

उत्तर : तो तिने बदलू नये, म्हणूनच स्वायत्तता दिलेली असते, परंतु निर्णयाची कारणे जाहीरपणे मागण्याचा अधिकार त्यामुळे संपत नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने रूढ झालेल्या पद्धतीनुसार फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष वर्षातून दोनदा काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, समित्यांपुढे साक्ष देतात, आणि मागच्या खेपेस वर्तवलेला महागाईचा अंदाज का चुकला, हे त्यांना तेथे नोंदीवर सांगावे लागते. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांची अशी सुनावणी साधारणतः दर तिमाहीस होते. सदस्य प्रश्नाऐवजी भाषणच करतात तेव्हा मात्र (आणि कॅमेऱ्यासमोर हा मोह फार) साक्षीदार सहज निसटतो.