मॉरिशसमध्ये आठवडाभरात डायव्हिंग आणि संग्रहालये, दोन्ही करायची असतील तर दिवस कसे लावावेत?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतो: ऑक्टोबरमध्ये मॉरिशसला सात दिवस मिळणार आहेत, आपल्याकडे ओपन वॉटर हे डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे, पत्नीला हवेची टाकी पाठीवर घेऊन खोल पाण्यात उतरायचे नाही परंतु इतिहासाची आवड आहे, आणि ट्रॅव्हल एजंटाने आखलेल्या कार्यक्रमात आधी राजधानी पोर्ट लुईसची संग्रहालये व शेवटच्या तीन दिवसांत डायव्हिंग असा क्रम आहे, तो योग्य आहे का? माझे मत स्पष्ट आहे. हा क्रम पूर्ण उलटा करून घ्यावा, आणि संग्रहालयांपैकी निदान एक मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावे.

कारण नायट्रोजनचे आहे. पाण्यात दर 10 मीटर खाली गेले की दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्या दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळत जातो, आणि वर आल्यानंतर तो कित्येक तास सावकाश बाहेर पडत राहतो. हे काम अर्धवट असताना आपण विमानात बसलो, तर केबिनमधील दाब सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो, आणि उरलेल्या वायूचे शरीरातच बुडबुडे होऊन डीकम्प्रेशन सिकनेस होण्याचा धोका वाढतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. डाइव्ह सेंटरवाले बहुधा सरसकट 24 तास सांगतात आणि मीही तेच पाळतो. म्हणजे परतीच्या आधीचा एक दिवस तसाही कोरडाच जाणार. तो हॉटेलच्या खोलीत घालवण्यापेक्षा संग्रहालयात घालवलेला बरा.

मॉरिशसच्या बाबतीत यात आणखी एक बारकावा आहे, आणि आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमांत त्याचा विचार सहसा झालेला नसतो. बेटाचा मधला भाग हे एक पठार असून क्युरपीप हे शहर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. आपले बहुतेक प्रवासी ज्या गंगा तलाव या तीर्थस्थानाला आवर्जून जातात तोही याच पठारावर, साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. विमानप्रवासाबाबतचे नियम 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठी लिहिलेले आहेत, त्यामुळे हे पठार त्यांच्या अगदी काठावर येते. सकाळी दोन डाइव्ह आणि लगेच दुपारी गंगा तलाव, अशी जोडी म्हणूनच मी करत नाही. तलावासाठी डायव्हिंग नसलेला दिवस, किंवा पहिल्या डाइव्हच्या आधीचा दिवस निवडावा. पश्चिम किनाऱ्यावरून विमानतळाकडे जाणारा महामार्गही याच पठारावरून जातो, तेव्हा डायव्हिंगच्याच संध्याकाळी मुक्काम हलवायचा असेल तर ल मोर्न, बे-द्यू-काप, सुइयाक असा दक्षिण किनाऱ्याचा रस्ता धरावा. वेळ जास्त लागतो, परंतु रस्ता बराचसा समुद्राला लागूनच आहे.

आता प्रत्यक्ष डाइव्हविषयी. बेटाचा बराचसा किनारा प्रवाळाच्या कड्याने वेढलेला आहे आणि कड्याच्या आतले लगून, म्हणजे किनारा व कडा यांमधले पाणी, उथळ आहे, त्यामुळे टाकी घेऊन उतरण्याजोगे बहुतेक सारे कड्याच्या बाहेरच्या उतारावर असते. नद्यांच्या मुखासमोर गोडे पाणी आणि गाळ येत असल्याने प्रवाळ नीट वाढत नाही आणि कड्यात खिंडी राहतात. बोटी त्या खिंडींतूनच बाहेर पडतात. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर आहे हे येथे महत्त्वाचे ठरते, कारण ज्या जागांची नावे आपण ऐकून असाल त्यांपैकी अनेक त्याखाली आहेत. त्रू-ओ-बिशजवळचे 'स्टेला मारू' हे जपानी मासेमारी जहाज तेथील सागरी संवर्धन संस्थेने 1987 मध्ये मुद्दाम बुडवले. ते 25 मीटरच्या आसपास आहे. फ्लिक-आन-फ्लाकसमोरचे 'कॅथेड्रल' तर त्याहूनही खाली जाते. ही खडकातील मोठी कमान व तिच्यामागची गुहा आहे. आत शिरून डोळे सरावले की छताच्या फटीतून येणारा निळसर प्रकाश आणि कपारींच्या सावलीत थव्याने उभे असलेले लाल मासे दिसू लागतात. ही जागा मला स्टेला मारूपेक्षाही अधिक आवडते, मात्र डोक्यावर खडक असताना पाण्यातला तोल, म्हणजे बॉयन्सी, पक्की नसेल तर तेथे जाऊ नये.

आपल्याला या दोन्ही जागा पाहायच्याच असतील तर पहिल्या दोन दिवसांत अॅडव्हान्स्ड ओपन वॉटरचा अभ्यासक्रम तेथेच करून घेता येईल. त्यात खोल डाइव्ह असतेच आणि पुढे 30 मीटरपर्यंतची मुभा मिळते. 'प्रमाणपत्र नसले तरी चालेल, आम्ही नेतो' असे कोणी म्हणाले, तर ते सेंटर सोडून दुसरे पाहावे. प्रवाळाच्या रंगांबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी, कारण समुद्राचे पाणी तापल्याने होणाऱ्या विरंजनाचा, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याचा, फटका येथील लगूनला अनेकदा बसला आहे. मॉरिशसचे डायव्हिंग खडकांचे आकार, बुडालेली जहाजे आणि कपारींतले सापासारखे लांब ईल मासे पाहण्यासाठी करावे.

पत्नीसाठी आग्नेयेकडील ब्लू बे सुचवतो. हे संरक्षित सागरी उद्यान असून 2008 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. तेथे काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसते आणि पाण्यात उतरावे लागत नाही. मनात आले तर लाइफ जॅकेट घालून बोटीशेजारीच स्नॉर्कलिंगही करता येते. आपल्याला टाकी न घेता एक सकाळ घालवायची असेल तर दोघांनी मिळून करण्यासारखी हीच गोष्ट आहे.

ब्लू बेपासून जवळच माहेबूर्ग आहे, आणि शेवटच्या दिवसासाठी मी ज्या संग्रहालयाचा आग्रह धरतो आहे ते तेथे आहे: राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्या ग्रां पोर खाडीत इंग्रज आणि फ्रेंच यांची नाविक लढाई झाली. इंग्रजांच्या फ्रिगेटना, म्हणजे शिडाच्या वेगवान युद्धनौकांना, खाडीतील प्रवाळाच्या वाटा ठाऊक नव्हत्या. सिरियस, मॅजिसिएन आणि नेरिड ही जहाजे उथळ पाण्यात रुतली, त्यांपैकी पहिली दोन त्यांच्याच खलाशांनी जाळून टाकली, आणि चौथ्या इफिजेनियालाही अखेर शरण जावे लागले. नेपोलियनच्या नौदलाला मिळालेल्या विजयांपैकी पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेले नाव या एकाच लढाईचे आहे. गंमत अशी की, इंग्रजांचा विलोबी आणि फ्रेंचांचा द्युपेरे हे दोघेही जखमी सेनानी उपचारांसाठी एकाच घरात ठेवले गेले, आणि ते घर म्हणजेच हे संग्रहालय. डिसेंबर 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले ते गेलेच, परंतु खाडीतला तो पराभव मुख्यतः प्रवाळाने केलेला आहे. पाण्याखालून तो कडा पाहून आलेल्या माणसाला येथील नकाशे आणि जहाजांचे अवशेष फार लवकर समजतात. म्हणूनही डायव्हिंग आधी आणि हे संग्रहालय नंतर, हा क्रम मला पटतो. 1744 मध्ये ईशान्य किनाऱ्याजवळच्या कड्यावर फुटलेल्या 'सें-जेरां' जहाजाची घंटाही येथे ठेवलेली आहे, तिच्यापाशी थोडे थांबावे.

पोर्ट लुईससाठी मधला एक पूर्ण दिवस पुरेसा आहे. पत्नीला हवे असल्यास आपण डाइव्हवर असताना त्या एकट्याही तेथे जाऊ शकतात. ब्लू पेनी संग्रहालयात 1847 ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत, एक नारिंगी एक पेनीचे आणि एक निळे दोन पेन्सचे. रंग उडू नयेत म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा तासातून केवळ दहा मिनिटे लावतात आणि एरवी प्रतिकृतीच दिसतात, तेव्हा आत शिरताच पुढची वेळ विचारून घ्यावी आणि बाकीची दालने त्या हिशेबाने पाहावीत. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी एटिएन थिरिऊ नावाच्या एका केशकर्तनकाराने हौसेने शोधलेला हा सांगाडा जवळजवळ पूर्ण असून एकाच पक्ष्याचा आहे, आणि तसा दुसरा ज्ञात नाही. इतरत्रचे बहुतेक सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून उभे केलेले आहेत.

पोर्ट लुईसमधल्याच आप्रवासी घाटाला मात्र घाईत जाऊ नये. 1849 पासून करारबद्ध मजुरांची नोंद याच जागी होत असे, आणि येथून सुमारे साडेचार लाख माणसे बेटावर तसेच पुढच्या वसाहतींत गेली. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती, आणि आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते ती त्यांच्या वंशजांमुळे. ब्लू पेनी आणि आप्रवासी घाट रविवारी बंद असतात, म्हणून पोर्ट लुईसचा दिवस रविवारी पडणार नाही हे पाहावे. रविवारी डाइव्ह घ्यावी.

ऑक्टोबरची निवड उत्तम आहे. जून ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे जोरात असतात, तर चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. आपण दोन्हींच्या मधोमध जात आहात. तरीही पाणी 24 अंशांच्या आसपास असू शकते, तेव्हा 5 मिलिमीटरचा वेटसूट मागून घ्यावा. मुक्काम पश्चिमेला ठेवावा, कारण वारा उठला तरी ती बाजू आडोशाला असते, आणि शेवटची रात्र माहेबूर्ग किंवा ब्लू बेला काढावी. विमानतळ तेथून अगदी जवळ आहे, आणि उड्डाण दुपारनंतरचे असेल तर परतीच्या दिवशी सकाळी संग्रहालय आरामात पाहून होते. सामानात शंख किंवा प्रवाळाचा तुकडा मात्र ठेवू नये. समुद्रातून ते उचलण्यास तेथे कायद्याने बंदी आहे.