दीड दिवसासाठी गाईड? फक्त अजिंठ्याला लावा

भाऊ, दीड दिवसात जळगाव आणि अजिंठा बघायला गाईड लावू का, असं विचारताय ना? जळगावात पूर्ण वेळ गाईड कशाला? गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, आपलं आपण बघता येतं, आणि कवयित्री बहिणाबाईंच्या माहेरी, आसोद्याला रिक्षावालाही नेईल. पैसे खर्चायचे तर अजिंठ्याला. जळगावहून साधारण ६० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद, तेवढं आधी बघा. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर राहते, पुढचे ४ किलोमीटर बसनेच.

गाईड लेण्यांपाशीच, ओळखपत्र बघून ठरवा. पहिल्या खेपेला मी गाडीवाल्याने आणलेला माणूस घेतला होता. लेण्यांत अर्धा तास, रंगीत दगडांच्या दुकानात तासभर! तेव्हापासून दर, वेळ, भाषा सगळं आधी बोलून घेतो. आणि स्पष्ट सांगतो, दुकान नको.

१ नंबरच्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र कोणीही दाखवेल. खरी परीक्षा १७ नंबरात. त्या अंधुक उजेडात आपल्याला नुसती माणसांची गर्दी दिसते. बुद्धाच्या पूर्वजन्मांची गोष्ट, म्हणजे जातककथा, भिंतीवर कुठून सुरू होते, कुठे वळते, हे जाणता गाईडच उलगडतो. २६ मधल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसाठी दम राखून ठेवा. तीन तास तरी धराच. गर्दी दिसली तर गाईडला उलट्या टोकाकडून सुरू करायला सांगा.

थंडीत येत असाल तर परतताना वांग्याचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खा. त्याला गाईड लागत नाही.