प्राण्याचं 'प्रदूषण' होतं का? 'हेवी मेटल कंटॅमिनेशन'ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आहे: संरक्षित क्षेत्रांतल्या वन्य प्राण्यांमधल्या 'हेवी मेटल कंटॅमिनेशन'वरच्या मजकुराचं मराठी करताना 'वन्य प्राण्यांमधील जड धातूंचे प्रदूषण' असं लिहिलं तर चालेल का? वाचताना खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही.

खटकतं ते रास्तच आहे. प्रदूषण हवेचं, पाण्याचं, मातीचं होतं. बिबट्या प्रदूषित झाला असं आपण म्हणत नाही. शिवाय इथली षष्ठी दोन तोंडांची आहे. 'पाण्याचं प्रदूषण' म्हणजे पाणी दूषित होणं, मग 'धातूंचं प्रदूषण' म्हणजे धातू दूषित होणं का? अर्थ 'धातूंमुळे होणारं' असा हवा असेल तर तसंच लिहावं.

पण खरी अडचण वेगळी आहे. 'कंटॅमिनेशन' हा एक शब्द इंग्रजीत तीन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो: धातू आढळणं, धातू साठणं आणि धातू बाधणं. मराठीत या तिन्हींना आपापले शब्द आहेत, तेव्हा एकच प्रतिशब्द शोधत बसू नये.

नुसतं आढळणं सांगायचं असेल तर 'अंश' हा शब्द सर्वांत चांगला. भाजीत कीटकनाशकाचे अंश सापडले असं आपण म्हणतोच; तसेच 'यकृतात शिशाचे अंश आढळले'. यात किती, कुठून आणि अपाय झाला की नाही, यांपैकी काहीच गृहीत धरलेलं नाही.

साठण्यासाठी 'संचय'. इथे मात्र दोन संज्ञांची फार गल्लत होते. एकाच प्राण्याच्या शरीरात, बाहेर टाकण्यापेक्षा आत जाण्याचा वेग जास्त असल्यामुळे धातू साठत जातो, तो जैवसंचय. अन्नसाखळीत एकेक पायरी वर जाताना भक्ष्यापेक्षा भक्षकात प्रमाण वाढत जातं, ते जैवविवर्धन. पारा, त्यातही मिथाइल पारा (पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग), हे जैवविवर्धनाचं खरं उदाहरण: लहान मासा, मोठा मासा, मासे खाणारा पक्षी किंवा पाणमांजर. कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात साठतं आणि वयाबरोबर वाढतं, म्हणून म्हाताऱ्या शाकाहारी प्राण्याच्या मूत्रपिंडातही ते भरपूर सापडू शकतं. तिथे 'संचय' म्हणावं. शिसं तर सहसा अन्नसाखळीत वर चढत वाढत नाही. कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाच्या शरीरात शिसं जातं ते शिकार झालेल्या जनावरांच्या मांसात राहिलेले गोळीचे तुकडे गिळल्यामुळे. हे पक्षी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला आहेत म्हणून 'शिशाचं जैवविवर्धन' असं लिहिलं तर वाचकाला कारणच चुकीचं कळतं.

साठण्याच्याच अर्थाचं मराठीतलं जुनं क्रियापद आहे 'भिनणे'. विष अंगात भिनतं. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं. त्या हाडातल्या शिशाला 'भिनलेलं' हा शब्द किती चपखल बसतो! सामान्य वाचकासाठीच्या मजकुरात तो जरूर वापरावा. संशोधनलेखात मात्र 'भिनणे'मध्ये अपायाची छटा आहे हे ध्यानात ठेवून 'साठणे'च बरं.

तिसरा शब्द 'विषबाधा'. हा सर्वांत जपून वापरायचा. लक्षणं, शवविच्छेदनातली इजा किंवा अपायाच्या ज्ञात पातळीपेक्षा जास्त प्रमाण, असा काही आधार असेल तरच. कॉन्डोरांना 'शिशाची विषबाधा' म्हणणं योग्य आहे, कारण तिचं निदान होतं आणि शिशाला बांधून शरीराबाहेर काढणारी औषधं देऊन उपचारही होतात. हरणाच्या केसात कॅडमियम सापडलं, एवढ्यावर 'हरणांना विषबाधा' असा मथळा देणं चूक आहे.

मग 'दूषण' कुठे? ते दोन जागी हवंच. एक, अधिवासासाठी: माती, पाणी, गाळ दूषित होतात. दुसरी जागा अनुवादकाच्या हमखास नजरेतून सुटते. संशोधनलेखातल्या पद्धतीच्या भागात 'कंटॅमिनेशन' बऱ्याचदा तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचं असतं. केसांवर किंवा पिसांवर बाहेरून बसलेली धूळ, गोळी लागून मेलेल्या जनावराच्या जखमेभोवतालचे शिशाचे कण, नमुना घेतानाच्या हत्यारातून उतरलेला धातू. म्हणून तर केस तपासण्याआधी धुतात आणि जखमेपासून दूरचं मांस घेतात. तिथे 'नमुना दूषित होणे' किंवा 'बाह्य दूषण' असंच लिहावं. 'प्राण्यांमधील दूषण टाळण्यासाठी केस धुतले' असं भाषांतर झालं तर अर्थाचा पार विचका होतो.

आता 'जड धातू'. 'अवजड' नको, अवजड म्हणजे उचलायला, हलवायला बोजड. 'जड' ठीक आहे, पण त्याचा अर्थ 'विषारी' नव्हे. दर घन सेंटिमीटरला ५ ग्रॅमपेक्षा जास्त घनता ही एक रूढ सीमा धरली तर लोह (७.९), तांबं (९) आणि जस्त (७.१) हेही जड धातूच, आणि ते तर शरीराला हवेतच. उलट अशा याद्यांत हमखास असणारं आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, धातुसदृश आहे. रसायनशास्त्राच्या संज्ञा ठरवणाऱ्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ सालच्या तांत्रिक अहवालात ही संज्ञाच निरर्थक आणि दिशाभूल करणारी ठरवली आहे. शक्य तिथे नावंच द्यावीत: शिसं, पारा, कॅडमियम.

'संरक्षित'बद्दलही एक खुलासा हवा. वाचक त्याचा 'सुरक्षित' असा अर्थ घेतो. संरक्षण असतं ते शिकार, तोड, अतिक्रमण यांपासून. वाऱ्याबरोबर येणारा पारा किंवा नदीतून येणारा खाणीचा गाळ हद्दीची खूण पाहत नाही. २५ एप्रिल १९९८ रोजी स्पेनमधल्या आझ्नालकोयार खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला, तेव्हा धातूंनी भरलेला चिखल ग्वादियामार नदीवाटे दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीपर्यंत पोहोचला होता.

आकड्यांचं भाषांतरही शब्दांइतकंच जपून करावं. कोणता अवयव आणि वजन ओलं की कोरडं, हे प्रत्येक आकड्यासोबत राहिलं पाहिजे. यकृतात ७० टक्के पाणी असेल तर ओल्या वजनावर किलोला ३ मिलिग्रॅम म्हणजे कोरड्या वजनावर किलोला १० मिलिग्रॅम. 'ओलं' हा शब्द गाळला की तिपटीहून मोठी चूक. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची संक्षिप्त रूपं टाळून पूर्ण शब्द लिहावेत; तिथली चूक हजारपटीची असते.

थोडं व्याकरण. मराठीत धातू पुल्लिंगी: 'हा धातू', 'ही धातू' हा हिंदीचा परिणाम. सुटा लिहिताना 'धातू' दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: धातुदूषण, धातुसदृश. 'जड धातू' दोन शब्द. 'शिसे'चं सामान्यरूप 'शिशा', म्हणून 'शिशाचे प्रमाण', 'शिसेचे' नव्हे. क्षेत्रं अनेक असतील तर 'क्षेत्रांतील' वर अनुस्वार हवा.

तेव्हा विचारलेल्या शीर्षकासाठी: 'संरक्षित क्षेत्रांतील वन्य प्राण्यांच्या शरीरात जड धातूंचे अंश'. मजकुरात प्रमाण दिलं असेल तर 'अंश'च्या जागी 'प्रमाण', आणि वयानुसार वाढ दाखवली असेल तर 'संचय'.