साताऱ्यात मुलांसाठी बूट-चपला कशा घ्याव्यात? मोठा नंबर घेतला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून साताऱ्याला बदली झालीय, मुलगा पाच वर्षांचा आहे, मुलगी नऊ वर्षांची. इथला पाऊस, थंडी आणि शाळा धरून वर्षाला किती जोड लागतील, आणि वाढतं वय म्हणून एक-दोन नंबर मोठेच घेऊन ठेवले तर चालेल का.

मी जावळी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, राहते साताऱ्यात. आमच्याकडे पायातलं दाराबाहेर काढून वर्गात यायची पद्धत आहे, त्यामुळे पोरांच्या बूट-चपलांची रांग रोज माझ्या डोळ्यांसमोर असते. कुणाची टाच बाहेरून झिजलीय, कुणाचा अंगठा कापड फाडून बाहेर यायला बघतोय, कुणाच्या बुटाची मागची बाजू चुरगळून त्याची सपाता झालीय, हे सगळं त्या रांगेत दिसतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. दोन नंबर मोठा बूट घेऊ नका.

काही वर्षांपूर्वी दुसरीतला एक मुलगा प्रार्थनेला पाय ओढत यायचा. जूनमध्ये नवे काळे बूट आणलेले, पुढच्या टोकाला कापूस कोंबलेला. एक दिवस तो ओट्यावर बसून राहिला, उठेचना. बूट काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून मोजा त्याला चिकटलेला. कोमट पाण्यात पाय बुडवून, मोजा भिजवून हळूहळू सोडवला. त्याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. बूट निसटू नये म्हणून तो पायाची बोटं आत वळवून, बूट धरून ठेवल्यासारखा चालत होता, आणि अनवाणी असतानाही तसाच चालायला लागला होता. त्याची आई म्हणाली, "बाई, मोठा घेतला म्हंजे पुढल्या सालीबी चालंल असं वाटलं." तिचं काहीच चुकीचं नव्हतं. आपण सगळेच वाढत्या अंगाचे कपडे घेतो. पण सदरा सैल असला तर अंगाला काही होत नाही, बुटाचं तसं नसतं.

आता हिशेब बघा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत इंग्लंडच्या पद्धतीचे नंबर चालतात. त्यातला एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मिलिमीटर. पायाच्या सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा असली की बूट बरोबर बसला म्हणायचं. त्यावर दोन नंबर मोठा घेतला की आणखी १७ मिलिमीटर. म्हणजे पुढे जवळजवळ तीन सेंटिमीटर रिकामे. पाय त्यात पुढेमागे सरकतच राहणार आणि टाच घासणारच.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पाऊल महिन्याला सरासरी १ मिलिमीटर वाढतं. तुमच्या मुलाला आज १२ मिलिमीटर जागा ठेवून बूट घेतला, तर सहा महिन्यांनी पुढे ६ मिलिमीटर उरतील. तिथं तो बूट संपला, मग वरून कितीही नवा दिसो. मुलीच्या पायाचा वेग थोडा कमी असेल, तरी सहा महिन्यांनी एकदा बघायचंच. म्हणून दोन वर्षं टिकेल असा महागडा जोड लहान मुलाला घेण्यात मला अर्थ वाटत नाही. तेच पैसे दोन साध्या जोडांत विभागून खर्च करा.

नंबरांची आणखी एक गंमत आहे. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि तेराच्या पुढे चौदा येत नाही, परत एक येतो. त्यामुळे तुमच्या मुलाला दहा किंवा अकरा आणि मुलीला एक किंवा दोन नंबर लागला तर गोंधळू नका. शिवाय एका कंपनीचा अकरा दुसरीच्या अकराशी जुळेलच असं नाही. २०२३ मध्ये सरकारने सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा मी माझ्या वर्गात आधी पालकांना नंबर विचारले होते. मग शंका आली म्हणून पोरांना कागदावर उभं केलं. सांगितलेल्या नंबरांतले कितीतरी जुळले नाहीत.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी माप घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा, मुलाला टाच भिंतीला लावून उभं करा. उभंच करा, बसून पाऊल पसरत नाही. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं आखा. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असेल तर माप त्या बोटापर्यंतचं घ्यायचं, आणि दोन पावलांत फरक असेल तर मोठं पाऊल धरायचं. मी माझ्या मुलीचे हे कागद तारीख घालून कपाटात ठेवलेत. दोन वर्षांची असतानाचं पाऊल साडेतेरा सेंटिमीटर. त्या पेन्सिलीच्या रेघेवर आज तिचा तळहातसुद्धा मावत नाही. तिचे पहिले पीपी वाजणारे बूट कधीच कुणाला देऊन टाकले, हे कागद मात्र मी कुणाला हात लावू देत नाही.

दुकानदार बुटाचं टोक अंगठ्याने दाबून "आहे, जागा आहे" म्हणतो, त्यावर विसंबू नका. दाबलं की मूल बोटं आखडून घेतं आणि जागा असल्यासारखं वाटतं. बुटातला सुटा सोल निघत असेल तर तो बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि मुलाला त्याच्यावर उभं करा. पुढे किती जागा आहे आणि करंगळी बाजूने बाहेर जातेय का, हे डोळ्यांना दिसतं. पाऊल कडेने सोलच्या बाहेर सांडत असेल तर लांबी बरोबर असूनही तो बूट चावणार. मग बूट हातात घेऊन वाकवा. बोटं जिथं दुमडतात, तिथंच तो वाकला पाहिजे. मधोमध पोळीसारखा दुमडला तर परत ठेवा. टाचेची मागची बाजू दाबून बघा, ती ताठ हवी. आणि मुलाला दुकानाच्या गालिच्यावर न चालवता फरशीवर चालवा.

आता पाऊस. साताऱ्यातला पाऊस म्हणजे एकच एक पाऊस नव्हे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तुम्ही शहरात आहात, म्हणजे मधे कुठंतरी. पण इथली माती दोन तऱ्हेची आहे आणि तिचा बुटाच्या तळव्याशी थेट संबंध आहे. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की चिकटते, दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट होतं. बारीक नक्षीच्या सोलमध्ये ती गच्च भरते आणि मग तो सोल गुळगुळीत असल्यासारखा घसरतो. खाचा मोठ्या आणि लांब-लांब असतील तर चालता चालता चिखल गळून पडतो. यवतेश्वर-कासच्या बाजूला जांभा दगड, त्याच्यावर जुलैत शेवाळ. तिथं कडक प्लास्टिकच्या सोलपेक्षा मऊ रबराचा सोल बरा धरतो. नखाने दाबून बघा, थोडासा दबला पाहिजे.

शाळेच्या रोजच्या वापरासाठी जून ते सप्टेंबर मी मागे पट्टा असलेले, बोटं झाकणारे पावसाळी सँडल घेते. पाणी आत येतं तसंच बाहेर जातं, दप्तरात एक छोटा पंचा असला की झालं. गमबूट मुलांना फार आवडतात आणि डबक्यात उड्या मारायला, शेतावर जायला ते छानच आहेत. पण सहा तास गमबुटात पाय ठेवले तर आत घामाने पाय शिजून निघतो, आणि वरून पाणी गेलं की बाहेर निघत नाही. गमबूट घेतलेच तर नडगीपर्यंत येणारे लांब मोजे घाला, नाहीतर वरची कड पोटरीला घासते.

पावसाळ्यात बुटापेक्षाही जास्त काळजी बेचक्यांची घ्यायची. बोटांच्या मधे ओल राहिली की चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, सोलते, आग होते. घरी आल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकं कोरडं पुसायचं, एवढाच उपाय. मुलाला स्वतःला पुसायला शिकवा, पाच वर्षांचं मूल हे आवडीने करतं. आणि गोठ्याजवळच्या, गटाराच्या साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ देऊ नका. पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरा नावाचा रोगजंतू शिरतो, आणि अंकुशकृमी हा पोटातला जंत तर ओल्या मातीतून धडधाकट कातडीतूनही आत जातो. घरात, अंगणात, स्वच्छ गवतावर मात्र मनसोक्त अनवाणी फिरू द्या. पावलाच्या स्नायूंना त्याइतका चांगला व्यायाम नाही.

भिजलेला बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, चिकटवलेला सोल सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा.

थंडीत इथं फारसं वेगळं काही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गारठतात, तेव्हा सुती मोजे आणि बंद बूट पुरतात. फक्त घट्ट बुटात जाड लोकरीचा मोजा कोंबू नका, पाय आवळला की तो जास्तच गार पडतो. जाड मोजा घालणार असाल तर मापच तो मोजा घालून घ्या.

उन्हाळ्यासाठी हवेशीर सँडल. आणि हौसेला, सणाला कोल्हापुरी जरूर घ्या, निदान मुलीला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, आणि कोल्हापूर-सोलापूरबरोबर आपले सातारा आणि सांगली दोन्ही आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण. हातात घेऊन ती शिवण बघा, लहान मापात तर ती इतकी बारीक असते की करणाऱ्याच्या हाताला नमस्कार करावा वाटतो. सुरुवातीला चावते, म्हणून पट्ट्याला आणि अंगठ्याला खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा. पाण्यात घालू नका, आणि पळापळीच्या दिवशीही नको.

मुलाचा तळवा सपाट दिसतो म्हणून दुकानात कुणी खास कमानीचा बूट गळ्यात मारायला लागलं तर थांबा. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, कमान सहा-आठ वर्षांपर्यंत हळूहळू दिसायला लागते. मुलाला चवड्यावर उभं करा. तेव्हा कमान उमटली तर सहसा काळजी नाही. पाय दुखत असतील किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, दुकानदाराला नको.

ताईचा बूट धाकट्याला द्यावा का, हेही तुमच्या घरी पुढे येईलच. रोज वापरलेला बूट देऊ नका, त्यात पहिल्याच्या पावलाचा साचा बसलेला असतो. आतला सोल बघा, टाचेचा आणि बोटांचा खड्डा स्पष्ट दिसतो. चारदाच घातलेला लग्नातला जोड किंवा गमबूट खुशाल द्या. पण फार दिवस माळ्यावर ठेवलेला स्पोर्ट्स शूज द्यायच्या आधी सोल वाकवून बघा. मी मुलीसाठी एक चांगला जोड मोठ्या मापाचा म्हणून घेऊन ठेवला होता, दोन पावसाळे तो खोक्यातच राहिला. तोच घालून अजिंक्यताऱ्यावर गेलो तर दरवाजाच्या अलीकडेच सोलचे बिस्किटासारखे तुकडे पडायला लागले. पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा सोल हवेतल्या ओलीने आतून कुजतो, न वापरताही. ओढणीने बूट बांधून तिला खाली आणलं. तेव्हापासून पुढचं माप आधी घेऊन ठेवणं मी बंद केलं.

तर एका मुलाला एका वेळी तीन जोड पुरतात: शाळेचा बंद बूट, पावसाळी सँडल, आणि इकडंतिकडं घालायची चप्पल. पाच वर्षांच्याला वेल्क्रोचे घ्या, म्हणजे तो स्वतः घालेल. त्यात दोरे आणि चिखल अडकून पकड गेली की जुन्या टूथब्रशने घासा. मुलीला नाडीचे चालतील. मुख्य गोष्ट, खण आळीत खरेदीला जायच्या आधी शाळेत विचारा की पावसाळ्यात सँडल चालतात का. चालत असतील तर जूनमध्ये फक्त सँडल घ्या आणि काळे बूट सप्टेंबरअखेरीला, नवीन माप घेऊन. चालत नसतील तर जूनमध्ये साधेच काळे बूट घ्या, कारण ते पावसात भिजणारच आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कॅलेंडरचं पान भिंतीला लावा.