निवारागृहातील बालवाडी : शिक्षिकांच्या प्रश्नांना उत्तरे

कौटुंबिक हिंसेमुळे घर सोडलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांत आईच्या बोटाला धरून मुलेही येतात. सोलापूर शहर आणि परिसरात अशा मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षिकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वर्गातील चार वर्षांचा मुलगा इतर मुलांना चावतो आणि दाराची कडी वाजली की टेबलाखाली जाऊन बसतो. त्याला शिस्त कशी लावावी?

यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी वाढलेले मूल त्या आवाजात शांत झोपते, आणि तेच मूल कडीच्या लहानशा आवाजाने दचकते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मुलाला भीती आवाजाच्या मोठेपणाची नसते. त्या आवाजामागून घरात जे घडत असे त्याची असते. म्हणून सर्वांत आधी कडीला तेल घाला आणि दार लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी ‘आता मी दार लावणार आहे’ असे त्याला सांगा. तो टेबलाखाली गेला तर ओढून बाहेर काढू नका. तेथेच एक जुनी चादर अंथरून ठेवा आणि थोड्या अंतरावर जमिनीवर बसून आपले काम करीत राहा.

चावणे मात्र तत्काळ थांबवायला हवे. आवाज न चढवता ‘चावायचे नाही, त्याला दुखते’ एवढेच म्हणावे, ज्याला चावले त्याच्याकडे आधी पाहावे आणि चावणाऱ्याला वर्गाबाहेर न काढता आपल्याजवळ बसवावे. खरी शिस्त त्याला दिवसाच्या ठरलेल्या क्रमातून लागते. प्रार्थना, खेळ, खिचडी, झोप हे सारे रोज त्याच क्रमाने व्हावे, आणि उद्या तुमची रजा असेल तर ते आज सांगावे, कारण मोठी माणसे अचानक नाहीशी होतात हा अनुभव त्याने आधीच घेतलेला आहे. भाषेचाही विचार करा. आपल्या शहरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या घरांतून मुले येतात, आणि घाबरलेले मूल घरच्याच भाषेत पाणी मागते. ‘नीळ्ळु’ आणि ‘नीरु’ हे तेलुगू व कन्नड शब्द शिक्षिकेला ओळखता आले, तर मुलाचे रडणे पुष्कळदा तेथेच थांबते.

प्रश्न : स्वतः मार खाऊन आलेली आईच मुलीला मारते. मी मध्ये पडावे का?

पडावे, परंतु इतर स्त्रियांसमोर आईचा पाणउतारा होईल अशा रीतीने नव्हे. मुलीला एखादे काम सांगून बाजूला घ्यावे आणि आईशी नंतर एकांतात बोलावे. विड्या वळून दिवस काढलेल्या, झोप हरवलेल्या बाईला ‘मुलांना मारू नये’ हे वाक्य नवे नसते. तिला अर्धा तास कोणीतरी मूल सांभाळण्याची गरज असते. तो अर्धा तास द्या, समुपदेशक ताईंना कळवा आणि मुलीच्या अंगावर खुणा दिसत असतील तर अधीक्षिकांना त्याच दिवशी सांगा. आई पीडित आहे म्हणून मुलीचे दुखणे कमी ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : चित्र काढताना सहा वर्षांची मुलगी घरातील एका नातेवाइकाच्या स्पर्शाविषयी काही बोलली. पुढे काय विचारावे?

जवळजवळ काहीही विचारू नये. ‘तू मला सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही’ असे म्हणावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. तपशील खोदून काढणे हे शिक्षिकेचे काम नव्हे. सूचक प्रश्नांमुळे मुलीच्या मनावर ताण येतोच, शिवाय पुढे तिच्या जबाबावर शंका घेतली जाऊ शकते. तिचे शब्द तिच्याच भाषेत, जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवा. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठीच्या 2012 च्या कायद्यातील कलम 19 नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आईची तयारी नसली तरी हे कर्तव्य टळत नाही. म्हणून तिला विश्वासात घेऊन, समुपदेशकांना सोबत ठेवून, परंतु विलंब न करता पाऊल उचलावे.

प्रश्न : शाळेचा दाखला वडिलांकडे अडकला आहे. प्रवेश मिळेल का?

पहिली ते आठवीसाठी मिळायला हवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार दाखला येण्यास उशीर झाला या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. संस्थेच्या पत्रासह मुख्याध्यापकांना भेटा. घरातील हकिकत त्यांना सांगण्याचे कारण नाही.

प्रश्न : वडील फाटकावर येऊन ‘माझे मूल आहे, मला भेटू द्या’ म्हणतात. त्यांना काय सांगावे?

मूल येथे आहे किंवा नाही, यांपैकी काहीही सांगू नये. नम्रपणे अधीक्षिकांकडे पाठवावे आणि वाद घालू नये. त्यांनी धमकी दिली तर 112 क्रमांकावर फोन करावा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यातील कलम 21 नुसार दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देऊ शकतात आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. भेट मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास ती नाकारतात. हा निर्णय न्यायालयाचा आहे. वडिलांच्या रडण्याने किंवा रागाने तो शिक्षिकेने फाटकावर घेऊ नये. मुलासमोर वडिलांना वाईटही म्हणू नये, कारण मारणाऱ्या वडिलांचीही मुलाला आठवण येते. मुलांच्या नावांचा तक्ता, छायाचित्रे आणि नावे घातलेली चित्रे फाटकातून दिसणाऱ्या भिंतीवर असतील, तर ती आजच आतल्या खोलीत हलवा.