ऐन मोक्याला मारणारा बॅटर: खरंच असतो की आपल्याला तसं वाटतं?

प्रश्न : मी काही वर्षांपासून मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) फॉलो करतोय. कॉमेंट्रीत सारखं कानावर येतं की अमुक एक क्लच हिटर आहे, ऐन मोक्याला हमखास मारतो. डेव्हिड ऑर्टीझ, डेरेक जेटर, रेगी जॅक्सन ही नावं तर ठरलेलीच. पण आकडेवारीवाले म्हणतात असं काही नसतंच. मग आम्ही डोळ्यांनी बघितलेले होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले शॉट) काय खोटे होते का?

उत्तर : नाही हो, एकही होमरन खोटा नाही, आणि हे आधीच सांगून टाकतो कारण सगळं भांडण इथूनच सुरू होतं. क्लच या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक म्हणजे मोक्याच्या क्षणी कोणीतरी काहीतरी करून दाखवलं, ते घडलं, मॅच फिरली, त्यात वाद नाही. दुसरी म्हणजे त्या माणसातच असं काहीतरी आहे की प्रेशर आलं की तो नेहमीपेक्षा चांगला खेळतो आणि पुढच्या वेळीही तसाच खेळणार. वाद आहे तो फक्त या दुसऱ्या गोष्टीचा.

ऑर्टीझचंच घ्या. २००४ ची अमेरिकन लीग चॅम्पियनशिप सिरीज (फायनलच्या आधीची फेरी, आधी चार मॅच जिंकेल तो पुढे), बोस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे, चौथ्या मॅचमध्ये नेहमीच्या नऊ इनिंग बरोबरीत सुटल्यावर बाराव्या इनिंगला ऑर्टीझचा होमरन आणि मॅच खिशात, पाचव्या मॅचमध्ये चौदाव्या इनिंगला त्याचाच सिंगल (एका बेसचा फटका) आणि परत मॅच खिशात, मग रेड सॉक्सनी सिरीज ४-३ ने काढली आणि पुढे १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीजही, म्हणजे फायनलही, जिंकली. हे ज्याने लाइव्ह बघितलं त्याला कोण समजावणार की क्लच नावाचं काही नसतं! पण आता त्याच माणसाची पूर्ण कारकीर्द काढा. रेग्युलर सीझनमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२८६, पोस्टसीझनमध्ये, म्हणजे सीझननंतर मुख्यतः ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या बाद फेऱ्यांत, .२८९ (हे क्रिकेटच्या अ‍ॅव्हरेजसारखं नाही बरं का, .२८६ म्हणजे हजार अ‍ॅट-बॅटमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या हजार पाळ्यांमध्ये, २८६ हिट, म्हणजे मारून बेस गाठला). जेटरचं तर अजून सरळ आहे, रेग्युलर सीझन .३१०, पोस्टसीझन .३०८, आणि तेही १५८ पोस्टसीझन मॅचमध्ये, म्हणजे जवळजवळ एक अख्खा सीझनच. दोघंही ऑक्टोबरमध्ये जसे होते तसेच राहिले.

आणि माझ्या मते ही खूप मोठी गोष्ट आहे. ऑक्टोबरमध्ये समोर फक्त चांगल्या टीम्स असतात, त्यांचे सगळ्यात चांगले पिचर (बॉल टाकणारे) जास्त वापरले जातात, कमजोर पिचर बसूनच राहतात, अशा वेळी आपला नेहमीचा खेळ टिकवून ठेवणं हेच अवघड आहे. वाढत नाही म्हणून तो माणूस लहान होत नाही.

२०१३ चा ऑर्टीझ तर नीट बघाच. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धच्या चॅम्पियनशिप सिरीजमध्ये तो २२ पैकी फक्त २ वेळा हिट मारू शकला. दोन! पण त्यातला एक म्हणजे दुसऱ्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला, टीम ४ रन्सनी मागे असताना मारलेला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना होमरन, एकदम ४ रन्स), बॉल पकडायला टायगर्सचा टोरी हंटर भिंतीवरून पलीकडे बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात त्या जागेत) पडला तो. तो एक शॉट सगळ्यांना आठवतो, उरलेले २० वेळा आउट कोणालाच आठवत नाहीत. आणि लगेच पुढच्या वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्सविरुद्ध हाच माणूस १६ पैकी ११ हिट, अ‍ॅव्हरेज .६८८, सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). माणूस तोच, महिना तोच, प्रेशर तेवढंच. मग त्याच्यातला तो गुण दोन आठवड्यांत गायब होऊन परत आला असं म्हणायचं का?

रेगी जॅक्सनचंही तसंच. मिस्टर ऑक्टोबर हे नाव त्याला शोभतंच, १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये डॉजर्सच्या तीन वेगवेगळ्या पिचरांच्या पहिल्याच बॉलवर तीन होमरन, अजूनही वाचताना अंगावर काटा येतो. वर्ल्ड सिरीजमध्ये एकूण अ‍ॅव्हरेज .३५७. पण वर्ल्ड सिरीजच्या आधी जी चॅम्पियनशिप सिरीज असते, तीही ऑक्टोबरमध्येच, तिच्यात .२२७.

प्रश्न : पण मग काही जणांचे मोक्याच्या वेळचे आकडे खरंच एवढे वेगळे का दिसतात? सगळं नशीबच म्हणायचं का?

उत्तर : सगळं नाही, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच. समजा एक बॅटर आहे, खरी कुवत .२७० ची, प्रेशर असो नसो त्याला काही फरक पडत नाही. त्याला मोक्याच्या वेळी १०० अ‍ॅट-बॅट मिळाले तर हिशोबाने २७ हिट यायला पाहिजेत. पण नुसत्या योगायोगानेच तो आकडा साधारण २३ ते ३१ मध्ये कुठेही फिरतो, आणि तेही तीनातल्या दोन वेळाच, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. असे अगदी एकसारखे अडीचशे बॅटर घेतले तर त्यातले चाळीसेक जण ३२ किंवा जास्त हिट मारून बसतील. त्या चाळीस जणांना आपण हिरो म्हणणार आणि तेवढेच दुसऱ्या टोकाला असतील त्यांना म्हणणार ऐनवेळी माती खातात. प्रत्यक्षात त्यांच्यात काडीचाही फरक नाही.

हे पहिल्यांदा नीट तपासलं डिक क्रॅमर यांनी, १९७७ मध्ये. त्यांनी १९६९ आणि १९७० हे दोन सीझन घेतले आणि बघितलं की पहिल्या वर्षी जे क्लच ठरले ते दुसऱ्या वर्षीही ठरतात का. नाही ठरले. गुण असता तर तो दुसऱ्या वर्षी कुठेतरी दिसला असता, असा तो साधा विचार होता, आणि पुढची पंचवीसेक वर्षं आकडेवारीवाल्या मंडळींनी तोच निकाल धरून ठेवला. मग २००४ मध्ये बिल जेम्स, म्हणजे या अभ्यासाचे सगळ्यात मोठे नाव, स्वतःचंच आधीचं मत बदलून म्हणाले की थांबा, या पद्धतीने काही सिद्ध होत नाही. मोक्याच्या वेळच्या आकड्यात नशिबाची भेसळ, नेहमीच्या आकड्यात नशिबाची भेसळ, आणि एकातून दुसरा वजा केला की हातात बहुतेक भेसळच उरते, मग आत खरा गुण असला तरी तो दिसणार कसा? धुक्यात कोणी दिसलं नाही म्हणून तिथे कोणी नाहीच असं होत नाही. एवढा मोठा माणूस स्वतःची चूक उघडपणे मांडतो याचं मला फार कौतुक वाटतं.

त्यानंतर २००६ मध्ये टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी कितीतरी जास्त डेटा घेऊन परत शोधलं, आणि त्यांना सापडलं! पण इवलंसं. साधारण सहातल्या एका बॅटरचं ऑन-बेस (आउट न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) प्रेशरमध्ये .००८ किंवा जास्त वाढतं, आणि जवळपास तेवढ्याच जणांचं तेवढंच कमी होतं. .००८ म्हणजे काय, तर १२५ वेळा बॅटिंगला आलात तर एकदा जास्त बेसवर पोचणार. हे स्टँडमध्ये किंवा टीव्हीसमोर बसून कोणाला दिसणं शक्यच नाही.

आणि हा फरक एवढा छोटा का असावा, तर मला वाटतं गाळणी आधीच लागलेली असते. प्रेशर आलं की ज्याचे हातपाय गळतात तो मेजर लीगपर्यंत पोचतच नाही, खाली मायनर लीगमध्येच मागे पडतो. वर आलेले सगळेच प्रेशर पचवलेले.

प्रश्न : बेस फुल असताना हमखास मारणारा म्हणून ज्याचं नाव निघतं, त्या पॅट टॅब्लरचं काय?

उत्तर : हा प्रश्न येणारच होता. बेस फुल (तिन्ही बेसवर रनर) असताना ८८ पैकी ४३ हिट, अ‍ॅव्हरेज .४८९, कारकिर्दीचं मात्र .२८२. हिशोबाने २५ हिट यायला हवे होते, १८ जास्त आले. थोडी सूट द्यायला पाहिजे, बेस फुल असताना पिचरला वॉक (चार खराब बॉल पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) देणं परवडत नाही म्हणून मारण्यासारखे बॉल मिळतात, आणि सॅक्रिफाइस फ्लाय (ज्या झेलावर बॅटर आउट होतो पण रनर रन काढतो) अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाहीत. शिवाय हजारो खेळाडू आणि प्रत्येकाचे डझनभर वेगवेगळे कप्पे चाळले की कुठेतरी असा आकडा निघणारच. तरीपण १८ हिट म्हणजे भरपूर आहेत आणि हे प्रकरण मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही, हे मान्य करतो.

प्रश्न : मग नवव्या इनिंगला मॅनेजरने कोणाला पाठवावं, क्लच म्हणून नाव असलेल्याला की चांगल्या बॅटरला?

उत्तर : चांगल्या बॅटरला, डोळे झाकून. उजव्या हाताच्या पिचरसमोर डावखुरा बॅटर आणला तर त्याचा फायदा त्या .००८ पेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे विचार करायचाच तर त्याचा करा.

आणि उलट बाजूचं जास्त वाईट वाटतं मला. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज, यांकीजचा बॅटर, आदल्याच वर्षीचा अमेरिकन लीगचा एमव्हीपी, २००६ मध्ये टायगर्सविरुद्ध डिव्हिजन सिरीजमध्ये (पोस्टसीझनच्या पहिल्या फेरीत) चालत नव्हता म्हणून मॅनेजर जो टोरे यांनी चौथ्या मॅचमध्ये त्याला नऊ जणांच्या बॅटिंगच्या क्रमात आठव्या नंबरवर ढकललं. त्या सिरीजमध्ये १४ पैकी १ हिट. यांकीज हरले, आणि कच खाणारा हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. १४ अ‍ॅट-बॅट! जगातला कोणताही बॅटर एप्रिल-मे मध्ये असा आठवडा काढतो आणि कोणी लक्षही देत नाही. तीन वर्षांनी २००९ च्या पोस्टसीझनमध्ये हाच माणूस नवे मॅनेजर जो गिरार्डी यांच्या टीममध्ये चौथ्या नंबरवर खेळला, ट्विन्सविरुद्ध नवव्या इनिंगला जो नेथनला होमरन मारून मॅच बरोबरीत आणली, एंजल्सविरुद्ध अकराव्या इनिंगला ब्रायन फुएंतेसला मारून परत बरोबरीत आणली, वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला ब्रॅड लिजला डबल (दोन बेसचा फटका) मारून टीमला पुढे नेलं, एकूण अ‍ॅव्हरेज .३६५, ६ होमरन, आणि यांकीजनी वर्ल्ड सिरीज जिंकली.