न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे, मग आमची टाउनशिप दुकानाला नाही कशी म्हणू शकते?

म्हणू शकते, कारण राज्याच्या २०२१च्या कायद्यानेच तो अधिकार गावांना, म्हणजे टाउनशिपसारख्या स्थानिक संस्थांना दिलाय. २२ फेब्रुवारीला कायदा झाला आणि बंदीचा ठराव करायला प्रत्येक गावाला १८० दिवस मिळाले, म्हणजे २१ ऑगस्टपर्यंत. बऱ्याच गावांनी तेवढ्यात ठराव उरकला. गप्प बसलेल्या गावांना त्यापुढची पाच वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२६पर्यंत, बंदी घालायला मनाई झाली. उलट बंदी घातलेलं गाव ती कधीही उठवू शकतं. परवानगी दिली तरी दुकानं किती, कोणत्या झोनमध्ये, शाळेपासून किती लांब, किती वाजेपर्यंत उघडी, हे गावच ठरवतं. वर विक्रीवर २ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो. (विरोध मावळायला बहुधा तेवढं पुरतं!) राज्याचा परवाना मात्र लागतोच.

एक लक्षात घ्या: बंदी दुकानाला आहे, गांजाला नाही. एकवीस वर्षांवरील माणसाने तो जवळ बाळगणं किंवा परवानाधारक दुकानातून घरपोच मागवणं गावाला रोखता येत नाही. फक्त एच-वन (नोकरीच्या व्हिसावर) किंवा ग्रीनकार्डवर असाल तर लांबच राहा. व्हिसा-ग्रीनकार्ड केंद्र सरकार देतं, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हाच आहे.